गाडी नर्सीपुढंच का बंद पडते

७ एप्रिल, सोमवार

सकाळी शटर वर केलं तर दारात प्रकाशशेठचा ट्रक. स्वतःच्या पायानं आलेला नाही, दुसऱ्या ट्रकनं ओढत आणलेला. वर ताडपत्रीखाली हळदीची पोती तशीच. ड्रायव्हर चांदभाई पायरीवर बसून. माणूस पंचावन्नचा, आज सत्तरचा दिसत होता.

नर्सी नामदेव ओलांडून दोन किलोमीटर गेले आणि इंजिन बंद. महिन्यात तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा नर्सीच्या पुढंच, तिन्ही वेळा भरलेली गाडी. परत येताना रिकामी कधीच बंद पडत नाही. मागच्या दोन्ही वेळी तासाभरानं आपोआप सुरू झाली, या वेळी नाही झाली.

असलं काही ऐकलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. बंद पडलेली गाडी कुणीही दुरुस्त करील. ठरल्या जागी बंद पडणारी गाडी अठ्ठावीस वर्षांच्या धंद्यात पहिलीच.

दहा वाजता शेठचा फोन. "दत्ताभाऊ, दोष गाडीत न्हाई, ड्रायव्हरमंदी हाय. माझ्या मोबाईलवर ट्रॅकर हाय. हर खेपेला नर्सीला धा मिनिटं थांबून राहिला. डिझेलच्या टाकीत हात घालतो, मंग लाईनीत हवा धरती आन गाडी बंद पडती. तुमी गाडी बराबर हाय तेवढं सांगा, बाकी मी बघतो."

बाकी म्हणजे काय ते न विचारताच कळलं.

चांदभाईंना सरळ विचारलं. "नर्सीला थांबता काहून?"
"चहाला."
तेवढ्यात माझ्या बायकोनं, सुमननं, घरातून दोन कप चहा पाठवला. त्यांनी कपावर हात धरला. "नको भाऊ. शुगर हाय. दोन वर्सं झाली, चहा सोडला."
मग दोघंही त्या कपाकडं बघत बसलो. शेवटी दोन्ही मीच प्यालो.

८ एप्रिल, मंगळवार

पोती दुसऱ्या गाडीत गेली. ट्रक आता माझ्या ताब्यात.

आधी शेठची शंका तपासली. पंप, फिल्टर, पाईप. कुठंही हवा नाही. टाकीच्या सीलला हात लागलेला नाही. फोन करून सांगितलं. "चलाख माणूस हाय, खूण ठेवीत नसंल," म्हणाले. आता यावर काय बोलायचं? खूण सापडली तर चोर, नाही सापडली तर हुशार चोर.

मग स्कॅनर लावला. एक-दोन नाही, अकरा फॉल्ट. ऑइलचा सेन्सर, पाण्याचा, हवेचा, सगळेच बोंबलतायत. वर्गातली सगळीच पोरं नापास झाली तर पोरांना मारून काय उपयोग, मास्तरांकडं बघावं. या गाडीतले मास्तर म्हणजे ईसीएम. ॲल्युमिनियमचा चपटा डबा, पुढच्या बंपरच्या मागं डाव्या अंगाला बसवलेला. इंजिनाला डिझेल कधी द्यायचं, किती द्यायचं, सगळा हुकूम याचा. हा झोपला की इंजिन झोपलं.

डब्यात जाड वायरींचा झुपका जातो, त्याच्या तोंडाला कपलर, वायरी डब्याला जोडणारा प्लग. तो काढला. दोन पिनांवर हिरवा गंज, तिसरी काळी पडलेली. डबा खोलला, आतली सर्किटची पट्टी एका कडेला जळालेली. पाणी गेलंय. कपलरचं रबरही फाटलेलं.

"चांदभाई, पाणी मारून धुता का?"
"कव्हाच न्हाई. फडक्यानं पुसतो."
खरं आहे. इंजिन असं पुसलेलं की आरशासारखं तोंड दिसावं. फक्त डब्याच्या वरच्या लोखंडी पट्टीत थोडे तपकिरी धागे अडकलेले होते. पोत्याचे असणार. हवा मारून उडवले.

निदान पक्कं. ईसीएम गेला. बदलायचा. पण पाणी कुठून आलं ते

(इथं सु.नं जेवायला हाक मारली. वाक्य राहिलं.)

९ एप्रिल, बुधवार

नवा डबा नांदेडहून मागवला. शेठ कुरकुरले, पण हो म्हणाले.

चांदभाई दिवसभर दुकानात बसून. दुसरं जाणार कुठं? मी काम करता करता त्यांना बोलतं केलं. शेठचे वडील बापू होते तेव्हापासून या घरात गाडी चालवतात. बापू गेल्याला अकरा वर्षं झाली. हा ट्रक मागच्या दिवाळीनंतर आला. त्याआधीचा जुना, सगळा लोखंडी, कॉम्प्युटर वगैरे नाही. "लई गुणाची होती भाऊ. एक डाव नदीत अर्धी बुडाली, बाहेर काढली आन चालू. ही नवी म्हंजी शिकलेल्या सुनेवाणी, जरा काई झालं की रुसती."

सु. आतून म्हणाली, "ऐकलं बरं का मी." आमची सून बीएस्सी आहे.

खूप हसले चांदभाई. हसता हसता मी पुन्हा विचारलं, नर्सीला काय आहे? हसू जिथल्या तिथं थांबलं.
"भाऊ, त्या गोष्टीची तकलीफ नका देऊ."

खोटं बोलणारा माणूस दुसरी थाप मारतो. हे गप्प बसतात. का?

११ एप्रिल, शुक्रवार

डबा बसमधून आला. मागोमाग नांदेडचा लॅपटॉपवाला. नवा ईसीएम म्हणजे कोरी पाटी. ही गाडी कोणती, हिचे डिझेल फवारणारे इंजेक्टर कोणते, सगळं त्याला शिकवावं लागतं. सहा इंजेक्टर, प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक अक्षरं कोरलेली. माझा चष्मा तिथं पोचेना. चांदभाईंनी दाढीचा आरसा आत घातला, टॉर्च दातात धरली आणि उलटी अक्षरं सुलटी करून एकेक वाचली. सहाच्या सहा बरोबर. लॅपटॉपवाला म्हणाला, चाचा, कंपनीत या आमच्या.

किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात चालू. स्कॅनर स्वच्छ, एक फॉल्ट नाही. वय विसरून टाळी वाजवली.

एकच गोष्ट मनासारखी नाही झाली. वायरींकडचा कपलर जुनाच लावला. नवा यायला आठ-दहा दिवस, आणि शेठचा माल खोळंबलेला. फाटलेल्या रबरावर चांगली तीन पदरी टेप मारली. चालतंय.

१२ एप्रिल, शनिवार

भरलेली गाडी गेली. शेठनं शेजारी मुनीमजींना बसवलं, लक्ष ठेवायला. दुपारी चांदभाईंचा फोन: नर्सी गेली, सेनगाव गेलं, गाडी पाण्यासारखी चालली आहे.

जिंकलो.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. दुकान बंद. चौकात मिरवणूक, डीजेच्या आवाजानं शटर थरथरत होतं. दुपारभर झोप काढली. सु.ला ईसीएमची गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली. तिनं तिसऱ्यांदा ऐकली, एवढंच विचारलं की पाणी कुठून आलं होतं मग?

जाऊ दे, म्हटलं. नवा बसवला ना.

१६ एप्रिल, बुधवार

बंद पडली. नर्सीच्या पुढं दोन किलोमीटर.

या खेपेला मुनीमजी नव्हते. चांदभाई एकटेच होते. आणि ट्रॅकरवर नर्सीला दहा मिनिटं.

शेठ स्वतः दुकानात आले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "दत्ताभाऊ, माणूस बाजूला बसला की गाडी चालती. एकटा असला की थांबतो, आन मंग गाडी बंद पडती. याच्यातून काय समजावं मी? एक तर तुमचा नवा डबा खराब, न्हाईतर त्याचा हात. सोमवारपस्तोर सांगा. डबा बराबर असंल तर मंगळवारी चाव्या काढून घेतो."

चांदभाई बाहेरच उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी. नजर खाली, हातात फडकं.

म्हणजे मी "माझं काम चोख आहे" म्हटलं की यांची नोकरी जाते. पंचावन्नाव्या वर्षी, शुगर घेऊन, कोण ठेवतंय? आणि खरं सांगायचं तर या काळजीच्या बरोबरीनं दुसरंही काहीतरी आत खुदखुदत होतं. नर्सीला असं काय आहे? ते कळल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

गाडी ओढून आणली. कपलर काढला. आतून ओला.

एप्रिल महिना. बाहेर जमीन भाजते आहे. आठवड्यात पावसाचा थेंब नाही. आणि कपलर ओला! टेपही सुटलेली. माझी तीन पदरी टेप.

नशीब, डबा वाचला. पुसला, वाळवला, चालू झाला.

पाण्याचा शोध. रेडिएटर? त्याचं पाणी हिरवं असतं. पांढरं फडकं लावून बघितलं, रंग नाही. काच धुण्याची बाटली? ती उजव्या बाजूला, आणि भरलेली. एसी नाही. वाटेत नदी-नाला सगळा कोरडा. फडक्याचा वास घेतला. किंचित आंबूस. बोटांना चिकट लागतंय.

सु. जेवायला तीनदा हाक मारून गेली. चौथ्यांदा ताट दुकानातच आणून ठेवलं. "नर्सीला थांबून माणूस काय करतंय? दर्शन घेतंय."
"चांदभाई?"
"काहून, त्यांनी घेऊ न्हाई का? आपण न्हाई जात दर्ग्याला?"
तेही खरं. पण दर्शन घेतल्यानं कपलर कसा ओला होईल?

१८ एप्रिल, शुक्रवार

प्रयोग एक. भरलेल्या गाडीत बसून कळमनुरीच्या रस्त्याला गेलो, चांदभाई चालवत होते. चढ, खड्डे, भर उन्हात. काही नाही. उतरून कपलर बघितला, कोरडा ठणठणीत.

म्हणजे भार नाही, उष्णता नाही, हादरे नाहीत. यातलं काहीतरी असेल असं मी मनात धरून बसलो होतो. तिन्ही खोडली. मजा येतेय, हे कुणाला सांगताही येत नाही. यांच्या भाकरीचा प्रश्न आणि मला मजा येतेय.

१९ एप्रिल, शनिवार

प्रयोग दोन. भरलेली गाडी, नर्सीचा रस्ता, मी शेजारी.

आमचं हिंगोली सुटल्यापासून चांदभाईंची नजर रस्त्यावरच. नर्सी जवळ आली तसे स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागले. फाट्याला नारळाच्या टपऱ्या आहेत. पहिल्या टपरीवरच्या बाईनं लांबूनच ट्रक ओळखला, उठली, हातात नारळ घेतला. चांदभाईंनी मान हलवली, नाही. ती चकित झाली. गाडी पुढं गेली. त्यांनी एकदा आरशात मागं बघितलं आणि ओठ हलवून काहीतरी पुटपुटले, माफी मागितल्यासारखं.

गाडी सेनगावापर्यंत गेली, परत आली. बंद नाही पडली. पुन्हा तेच, माणूस शेजारी असला की चालते. माझ्याही मनात पाल चुकचुकली. लाज वाटली पण चुकचुकली.

पण तो नारळ.

दुकानात आल्या आल्या गाडीखाली शिरलो. बंपरच्या मागं डावीकडं ती लोखंडी पट्टी. पुन्हा तपकिरी धागे. पोत्याचा धागा मऊ असतो. हा ताठ. चिमटीत धरून ओढला. शेंडी! नारळाची शेंडी. पट्टीच्या खाचेत नखाएवढा करवंटीचा तुकडा. पट्टीवर पांढरट थर, तिथून वायरींच्या झुपक्यावर ओघळ, ओघळ थेट कपलरच्या तोंडात.

थराला बोट लावून चाखलं. खारट, मागून गोडसर.

गाडीखाली आडवा पडून एकटाच हसलो. मग एकदम हसू गेलं. हे धागे मी आठ तारखेलाच बघितले होते. हवा मारून उडवले होते, माझ्या स्वतःच्या हातानं.

२० एप्रिल, रविवार

चांदभाईंना बोलावलं. करवंटीचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. काही विचारलं नाही.

त्यांनी मूठ मिटली. मग म्हणाले, "शेठला न्हाई सांगायचं. कबूल?"
"कबूल."

बापूंची चाल होती. स्वतः गाडी चालवायचे तेव्हापासून. भरलेली गाडी नर्सीवरून निघाली की नारळ फोडायचा, जमिनीवर नाही, गाडीच्या अंगावर, पाणी गाडीला लागलं पाहिजे. आणि डाव्या कोपऱ्यावर, कारण उजवीकडं रस्त्याची रहदारी. बापू गेले. तेराव्याला त्यांच्या बायकोनं, माईंनी, चांदभाईंना बाजूला बोलावून हे काम सोपवलं. पुढं प्रकाशशेठनं ट्रॅकर लावला, वाटेतले सगळे थांबे बंद केले. माई म्हणाल्या, तू फोडत जा, प्रकाशला सांगू नको, उगं घरात वाद नको.

"मी मुसलमान माणूस. माई म्हनल्या, तुला चालंल का? मी म्हनलं, माई, बापूंची गाडी हाय, बापूंचा नारळ हाय, माझा फकस्त हात. जबान दिली. एकटा असताना अकरा वर्सात एक खेप चुकली न्हाई. रोज्यात बी फोडला, खोबरं त्या बाईच्या लेकरायला देऊन टाकलं."

"मग कोणी बाजूला असलं की?"
"तव्हा नुसतं मनात माफी मागतो."

जुन्या गाडीच्या अंगावर विहीर ओतली असती तरी ती चालली असती. ही नवी आली, बापूंच्या जागेखाली कंपनीनं नेमका डबा ठेवला, रबर धड होतं तोवर निभावलं, आणि हे बिचारे नेमानं त्याला अंघोळ घालत राहिले. जितका माणूस इमानी तितकी गाडी आजारी.

तरी खात्री पाहिजेच. नारळ आणला. टेप काढून कपलर जसा होता तसा ठेवला. इंजिन चालू. म्हटलं, चांदभाई, फोडा, नर्सीला फोडता तसाच. त्यांनी टोपी सरळ केली, चप्पल काढली, नारळ दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि पट्टीवर आपटला. एका फटक्यात दोन भाग.

मी घड्याळ लावून बसलो. पाणी झुपक्यावरून उतरताना दिसत होतं, अगदी सावकाश. एक मिनिट. दोन. तिसऱ्या मिनिटाला चेक लाईट. चौथं संपायच्या आत इंजिन थरथरलं आणि बंद. भरलेली गाडी फाट्यावरून निघून तीन-चार मिनिटांत जाईल कुठं? दोन किलोमीटर!

मी उडीच मारली. वळून बघतो तर चांदभाई जमिनीवर बसलेले. "म्हंजी माझ्याच हातानं झालं हे सगळं."
"तुमच्या एकट्याच्या न्हाई. माझ्या बी. रबर फाटलेलं बघून टेप मारणारा मीच की."
"नौकरी गेली तर जाऊ द्या भाऊ. माईचं नाव मधी नको."

खडखडीत वाळवून डबा परत चालू केला. खोबरं सु.नं चटणीला घेतलं. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आन तुमी कबूल म्हणून बसलात."

२१ एप्रिल, सोमवार

शेवटचा दिवस. शेठच्या गोडाऊनला गेलो. पोत्यांच्या थप्प्या, हवेत हळद. शर्ट अजून पिवळा आहे. माई दाराशी खुर्चीवर बसलेल्या. सत्तरी ओलांडली, तरी प्रत्येक नव्या पोत्यातलं एक हळकुंड मोडून बघितल्याशिवाय माल पुढं जात नाही. मोडल्याच्या आवाजावरून सांगतात, वाळलं का नाही.

शेठ म्हणाले, "बोला. डबा का हात?"
"दोन्ही न्हाई. चूक माझी. फाटलेल्या रबरावर टेप मारली, आत पाणी गेलं. चांदभाईंनी काही केलेलं न्हाई."
"पाणी? एप्रिलमंदी?"
मी पोत्यांच्या थप्प्या मोजायला लागलो.
"बरं, तुमची चूक तर तुमची चूक. मंग नर्सीला धा मिनिटं कशापायी? ते बी तुमीच थांबून राहिले का?"
शब्द देऊन बसलेला माणूस कसा दिसतो ते त्या दिवशी चांदभाईंच्या तोंडावर बघितलं होतं; आज माझं तोंड तसंच झालं असणार.
"उद्या ही खेप जाऊ द्या. आला की चाव्या घेतो. चोरी असो नसो, मला लपवणारा माणूस नको."

खरं तर या वाक्यात चूक काय आहे? मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच बोललो असतो. म्हणूनच जास्त टोचलं.

शेठ फोन आला म्हणून आत गेले. माई मान वर न करता म्हणाल्या, "कसलं पाणी रे, दत्ता?"

शेठला सांगणार नाही, असा शब्द दिला होता. माईंना सांगणार नाही, असं कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं.
"गोडसर हाय, माई. थोडं खारट. नव्या गाडीला सोसत न्हाई."
हळकुंड त्यांच्या बोटांत होतं, मोडायचं राहिलं.
"जुनीला सोसत होतं."
"जुनीला कॉम्प्युटर नव्हता, माई."

त्यांनी हळकुंड न मोडताच पोत्यात परत ठेवलं. मग काठी घेतली आणि आत निघून गेल्या.

संध्याकाळपासून मन थाऱ्यावर नाही. म्हाताऱ्या बाईला तिच्या नवऱ्याच्या नेमानं गाडी बिघडली म्हणून सांगून आलो. शहाणपणा केला की आगाऊपणा?

एक बरं झालं. नवा कपलर दुपारच्या बसनं आला.

२२ एप्रिल, मंगळवार

हे गोडाऊनमध्ये बसून लिहितोय, शेठच्या जुन्या बिलाच्या पाठीमागं. घरी गेल्यावर वहीत चिकटवीन.

सकाळी नवा कपलर बसवला, नवं रबर, वरून पत्र्याचं छोटं छप्पर केलं. आता घागर ओतली तरी आत थेंब जाणार नाही. माल भरला. चांदभाईंनी केबिनमधली स्वतःची पाण्याची बाटली, चादर, दाढीचा आरसा एका पिशवीत भरून ठेवलं होतं. परत आल्यावर लगेच उतरता यावं म्हणून.

ते चढणार इतक्यात माई बाहेर आल्या. हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. सरळ गाडीच्या दाराशी. हमालाला म्हणाल्या, "ते स्टूल लाव रे."

शेठ धावले. "माई, कुठं निघालीस?"
"नर्सीपस्तोर."
"मी कारनं सोडतो की. तुझे गुडघे..."
"अकरा वर्सं ह्या माणसाला माझ्या शब्दापायी एकट्याला थांबायला लावलं. आज मी बसती त्याच्या बाजूला."

सगळे हमाल थांबले. शेठ आधी माईंकडं बघत होते, मग पिशवीकडं. पिशवीतून शेंडी बाहेर आलेली. मग चांदभाईंकडं. चांदभाईंनी तोंड फिरवलं आणि फडक्यानं गाडीचा आरसा पुसायला लागले, जो आधीच स्वच्छ होता.

दोघांनी हाताला धरून माईंना वर चढवलं. बसल्यावर खिडकीतून मला हाक मारली, सगळ्यांच्या देखत. "दत्ता, कुठं फोडू?"
"उजव्या चाकापुढं, माई. खाली. चांदभाई रहदारी बघतील."
"अंगावर न्हाई?"
"चाक बी गाडीचंच अंग हाय."
त्यावर त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. पटलं का, कळलं नाही. गाडी निघाली.

मला घरी जाता आलं असतं. शेठनं थांबा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मोबाईल पोत्यावर ठेवला, ट्रॅकर उघडला. निळा ठिपका. आम्ही दोघं दोन बाजूंनी वाकून बघत होतो. ठिपका हिंगोलीतून बाहेर पडला, नर्सीच्या रस्त्याला लागला, नर्सीच्या फाट्यावर आला. थांबला.

पाच मिनिटं.

शेठनं विचारलं, "कव्हापासून हे?"
"बापू गेल्यापासून."
"मला काहून सांगितलं न्हाई कुणी?"
मी पोत्यावरची हळद झटकली.

दहा मिनिटं झाली. रोज एवढ्यात निघतो. ठिपका हलेना. पत्र्याचं छप्पर नीट बसलं होतं ना? रबर दाबून बघितलं होतं, दोनदा. का माईंनी शेवटी डाव्या कोपऱ्यावरच फोडला? का दोघं टपरीवरच्या त्या बाईपाशी टेकलेत, आणि आज घाई करायचं कुणालाच कारण नाही?

बारा मिनिटं. शेठच्या शर्टाच्या खिशात दुसऱ्या ड्रायव्हरच्या नंबराची चिठ्ठी आहे, सकाळी मीच बघितली. अजून खिशातच आहे.

चौदा. शेठनं चांदभाईंचा नंबर काढला. बोट वर धरलं. मग मोबाईल परत पोत्यावर ठेवला. "थांबू द्या," म्हणाले.

सतरा मिनिटं. ठिपका नर्सीवरच आहे.